मेलेले राक्षस उठवण्याचं काम

साखर कारखान्यात फिटर म्हणून मी निवृत्त झालो. निरोपाच्या दिवशी साहेबांनी शाल दिली, चार शब्द चांगले बोलले. ते सगळं खरं होतं, पण त्याच्यावर लिहावं असं मला कधी वाटलं नाही. पंप बंद पडतो, आपण तो उघडतो, आतला कचरा काढतो, पंप चालू होतो. त्यात गोष्ट काय सांगायची?

पण कारखान्यात लागायच्या आधी काही वर्षं माझा धंदा वेगळा होता. मेलेले राक्षस पुन्हा जिवंत करणं हे माझं काम होतं, आणि त्याचा मला पगार मिळत होता. नातवंडांना हे सांगितलं की ती आईकडं बघतात. म्हणून एकदा लिहूनच टाकतो.

मी साखरा गावचा, सेनगावकडचा. आमच्या हिंगोलीला तेव्हा परभणी जिल्हा होता. बहात्तरचा दुष्काळ सरला, त्यानंतरची ही हकिगत. मी हिंगोलीत एका इंजिन दुरुस्तीच्या दुकानात काम शिकून तयार झालो होतो. तिथं एक दिवस रहीमभाई आले. बांबू, कागद आणि खळ यांतून काय वाटेल ते उभं करणारा माणूस. मोहरमला ताबूत, दसऱ्याला रावण, आमच्या वस्तीत भीमजयंतीला कमान, सगळं त्यांच्या हातचं. विहिरीवरची एक जुनी कप्पी दुरुस्त करून पाहिजे होती त्यांना.

मी विचारलं, "विहीर खोदली का काय, रहीमभाई?"

"विहीर न्हाई. पाताळ खोदून राहिलो," ते म्हणाले.

मग तिथंच ओट्यावर बसून त्यांनी सगळं सांगितलं. जत्रेत एक मोठा तंबू लावायचा. आत ताडपत्रीची अंधारी, वळणावळणाची वाट. वाटेत सात राक्षस. चार-पाच जणांची टोळी आत सोडायची, प्रत्येकाच्या हातात लाकडी तलवार. राक्षसाच्या छातीवर पत्र्याची गोल चकती, तिच्यामागं त्याला उभा धरणारा खटका. चकतीवर तलवार बसली की राक्षस मेला, उताणा पडला. सगळे मारून शेवटी घंटा वाजवली की भोंग्यावरून त्या टोळीतल्या सगळ्यांची नावं सगळ्या जत्रेला ऐकू जाणार.

"लोक येतील का?" मी विचारलं.

"सुदाम, दोन साल लोकांनी मार खाल्ला. आता त्यांना मारायला काही तरी पाहिजे," ते म्हणाले.

मी दुकान सोडलं. बाप म्हणाला, पोरगं वाया गेलं. त्यालाही मी दोष देत नाही.

राक्षस फार देखणे झाले होते. रहीमभाईंनी एकेकाला वेगळं तोंड दिलं होतं. कोणाला रेड्याची शिंगं, कोणाला करवतीसारखे दात. शेवटचा सगळ्यात उंच आणि हाडकुळा. पोट खपाटीला गेलेलं आणि तोंड उघडं. त्याला नाव आम्ही दिलं नव्हतं. पहिल्याच जत्रेत लोकांनी त्याला 'बहात्तऱ्या' म्हणायला सुरुवात केली आणि तेच राहिलं.

रहीमभाईंची थोरली बहीण, हमीदाआपा, आमच्या सोबत असायची. तिचा आवाज घोगरा आणि दणदणीत होता. भोंग्यावर नावं पुकारायची ती, आणि पत्र्याच्या नरसाळ्यात तोंड घालून राक्षसांचं मरताना कण्हणंही तीच कण्हायची. एक बाई सात राक्षसांच्या आवाजात मरते हे बाहेर कोणाला खरं वाटलं नसतं.

मारण्याची सोय झाली होती. अडचण होती ती उठवण्याची.

एक टोळी बाहेर पडली की आत सात मुडदे पडलेले. पुढची टोळी सोडायच्या आधी ते उभे करायचे, प्रत्येकाचा खटका पुन्हा लावायचा. मी आणि रहीमभाई अंधारात धावत जायचो. एकाला उभा करावा तर हात दुसऱ्याच्या दाढीत. बाहेर रांग ओरडायची आणि हमीदाआपा ताडपत्रीतून डोकं आत घालून विचारायची, "क्या मिस्तरी, मुर्दे कब उठेंगे?" एकदा घाईत मी बहात्तऱ्याच्या मागंच राहिलो आणि पुढची टोळी आत आली. त्यातल्या एका पैलवानानं मलाच राक्षस समजून पाठीत तलवार घातली. मी कण्हलो. तो समाधानानं पुढं गेला.

पाठ शेकत बसलो असताना मी ठरवलं की हे हातानं जमायचं नाही.

माझी युक्ती समजायला तागडी डोळ्यांसमोर आणा. एका पारड्यात राक्षस, दुसऱ्यात वाळूची पिशवी. राक्षसाच्या पायाला बिजागरी लावली. मानेला दोर बांधून तो समोरच्या आडोशावरच्या कप्पीवरून पलीकडं नेला आणि तिकडं पिशवी टांगली. पिशवी राक्षसापेक्षा किंचित हलकी. त्यामुळं खटका सुटला की राक्षस पडायचा, पण बेतानं. आणि त्याला उठवायला थोडासाच ओढा पुरायचा. हा ओढा सातही जणांना एकदम कसा द्यायचा? सातही दोर मी एका लोखंडी तारेला जोडले आणि ती तार जमिनीलगत बाहेरच्या दारापर्यंत नेली. तिथं एक रुंद फळी केली. फळीवर वजन पडलं की ती खाली दबायची, तार ओढली जायची आणि आत सातही राक्षस उठून खटक्यात बसायचे.

आता वजन कोणाचं? बाहेर पडणाऱ्यांचंच. ज्यांनी मारले, त्यांच्याच पायानं ते उठायचे. त्यांना फळी हलल्यासारखी वाटायची, बस. भोंग्यावर आपलं नाव ऐकण्यात ते इतके गुंग असायचे की पायाखाली काय झालं ते कोणी बघायचं नाही.

एक गोष्ट मात्र सांभाळावी लागे. सगळी टोळी एकदम फळीवर यायला पाहिजे. एकटा हलका माणूस आला तर राक्षस अर्धे उठून तसेच लटकायचे, आणि एक जण आधी बाहेर पडला, बाकीचे आत राहिले, तर त्यांच्या मागं मेलेले उठून उभे. म्हणून हमीदाआपानं नियम केला की घंटा वाजवल्यावर सगळ्यांनी एकमेकांचे हात धरायचे आणि मिळूनच बाहेर पाऊल टाकायचं. टोळीत कोण कोणाच्या शेजारी उभा आहे हे अंधारात दिसत नव्हतं. त्या काळात गावोगावी पाणवठे वेगळे होते. त्या फळीवर मात्र मी भल्याभल्यांना हात धरून उतरताना पाहिलं. आमचा तो हेतू नव्हता. तारेला वजन पाहिजे होतं.

त्या हिवाळ्यात आम्ही डोंगरकडा गावाकडं गेलो, मग वसमतकडं उतरलो. हट्ट्याच्या आसपासच्या एका गावी जत्रा होती. तिथं आमच्या पाताळापुढं अशी रांग लागली की पाळणेवाला येऊन आमच्याकडं रागानं बघून गेला.

त्या जत्रेतली एक म्हातारी मला आजही दिसते. कोंडाबाई तिचं नाव. दुष्काळी कामावर खडी फोडलेले हात, बोटं वाकडी झालेली. तिनं पहिल्या सहा राक्षसांकडं फार लक्ष दिलं नाही. टोळीतल्या बायकांनीच ते मारले. बहात्तऱ्यासमोर आल्यावर ती म्हणाली, "सरा बाजूला. याला मी बघते." मी आडोशामागून बघत होतो. एकच घाव घातला तिनं. तो पडला तरी ती हलली नाही. त्याच्याकडं बघत उभी राहिली. बायकांनी हात धरून तिला बाहेर नेलं.

बाहेर आल्यावर ती रहीमभाईंकडं गेली.

"भाऊ, तो शेवटचा. त्याला पुन्हा उठवता का तुमी?"

"व्हय, मावशी."

"काहून उठवता? पडला तर पडू द्या की त्याला."

रहीमभाई रांगेकडं हात करून म्हणाले, "मावशी, ते बघा किती लोक थांबलेत. त्यांनाबी त्याला मारायचंय."

तिनं रांगेकडं पाहिलं. तिच्याच गावचे लोक होते बरेच. "मग बराबर हाय," ती म्हणाली आणि पदर सावरून निघून गेली.

संकट आलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि ते माझ्या युक्तीनंच आणलं. आम्ही हातानं राक्षस उठवत होतो तेव्हा लोकांना आमची धावपळ दिसायची. कोणाला शंका नव्हती. आता आत कोणी जात नव्हतं. नवरा राक्षस मारून बाहेर यायचा, लगेच बायको आत जायची आणि तिला तोच राक्षस उभा दिसायचा. जत्रेत कुजबुज सुरू झाली. आत कोणीच जात न्हाई, मग उठवतं कोण?

सकाळी पंधरा-वीस माणसं तंबूपुढं आली. पुढं नारायणराव होते, जत्रेच्या पंचांतले एक, साठीचे, सडपातळ. वाईट माणूस नव्हते. त्यांचा चेहरा रात्रभर जागल्यासारखा दिसत होता.

"रहीमभाई, तंबू उतरवा आणि जा," ते म्हणाले.

"काय झालं, मालक?"

"माझा बैल तुमच्या तंबूमागं बांधला होता. काल दुपारपासून बसून हाय. वैरणीला तोंड लावत न्हाई. तुमी इकडं मेलेले उठवून राहिले आणि तिकडं माझा उभा बैल बसला. याचा अर्थ काय, तो तुमीच सांगा."

मागून एक जण म्हणाला, "त्याचा जीव काढून यांच्यात घालून राहिले."

कोणी हसलं नाही. मी गर्दीकडं पाहिलं. एक मुसलमान, त्याची बहीण आणि एक जयभीमवाला. गाव आमचं नव्हतं. गर्दीतल्या काहींच्या हातात काठ्या होत्या. अशी बातमी एका गावातून निघाली की आमच्या आधी दुसऱ्या गावी पोचणार हेही कळत होतं. एवढ्या मेहनतीचं पाताळ तिथंच बुजणार होतं.

हमीदाआपानं आधी बैलाचं पाहिलं. तालुक्याच्या ढोरांच्या डॉक्टरला बोलवायला तिनं आमचा गाडीवान धाडला. मग रहीमभाई माझ्याकडं वळले. हळू आवाजात म्हणाले, "सुदाम, उघडून दाखवू या."

"सगळं?"

"सगळं. ताडपत्री काढ."

मला ते पटलं नाही. मी म्हणालो, "रहीमभाई, दोर दिसले की खेळ संपला. उद्यापासून कोण येईल आत?"

"उद्याचं उद्या. आज यांच्या मनात जे बसलंय ते घेऊन मी हे गाव सोडणार न्हाई."

आम्ही ताडपत्री काढली. उन्हात ते पाताळ फार गरीब दिसत होतं. बांबू, गोणपाट, कडबा, कागदाची तोंडं. एका राक्षसाचा कान उंदरांनी खाल्लेला, तो अंधारात आम्हालाही कधी दिसला नव्हता. एव्हाना निम्मी जत्रा गोळा झाली होती. पाळणेवालाही पाळणा थांबवून आला.

मी प्रत्येक पिशवी, प्रत्येक दोर दाखवला. तागडीचं सांगितलं. मग तलवार घेऊन एकेक चकतीवर मारत गेलो. सातही राक्षस कडब्यावर पडले. नारायणरावांना मी फळीजवळ नेलं.

"मालक, आता तुमी चढा. तुमच्या वजनानं हे उठतील. मंतर न्हाई, तंतर न्हाई."

नारायणराव देवाचं नाव घेऊन चढले. फळी हलली नाही.

त्यांनी पाय आपटून पाहिलं. काहीच नाही. राक्षस होते तसे पडून होते. गर्दीतून आवाज आला, "मंतर म्हणल्याबिगर कसे उठतील?" काठ्यावाले दोन पावलं पुढं आले. युक्ती बराबर होती, कालपर्यंत रोज चालली होती, आणि नेमकी आज, सगळ्यांदेखत, ती बसली होती. अशा वेळी मशीनवाल्यानं एकच करायचं असतं. माणसांकडं बघायचं नाही, मशीनकडं बघायचं. मी पोटावर झोपलो आणि तारेच्या बाजूनं सरपटत गेलो. तिसऱ्या राक्षसापाशी सापडलं. ताडपत्री काढताना एक बांबू घसरून तारेवर आडवा पडला होता आणि तिला त्यानं जमिनीशी दाबून धरलं होतं. मी बांबू ओढून बाहेर काढला आणि हात वर करून सगळ्यांना दाखवला.

"आता चढा, मालक."

फळी बोटभर दबली. सातही राक्षसांची डोकी कडब्यातून थोडी वर आली आणि थांबली. सातही माना एकदम हललेल्या पाहून बायका मागं सरल्या.

"तुमी हलके पडले. आणखी तीन-चार माणसं पाहिजेत," मी म्हणालो.

कोणी पुढं येईना. नारायणराव फळीवर एकटे उभे होते. त्यांच्यामागं आलेली माणसं जमिनीकडं बघत होती. तेव्हा गर्दीतून कोंडाबाई आली. फळीपाशी येऊन तिनं नारायणरावांपुढं हात केला.

"धरा, नारायणराव. मी काल उतरले इथून. मला काही झालं न्हाई."

त्यांनी तिचा हात धरून तिला वर घेतलं. मग पाळणेवाला चढला, कदाचित आमची वस्तू बारकाईनं बघायला मिळेल म्हणून. मग काठ्यावाल्यांतला एक, काठी दुसऱ्याकडं देऊन. फळी खाली गेली. तार ताणली. आणि उन्हात, सगळ्या गावासमोर, सात मेलेले राक्षस एकदम उठून उभे राहिले. खटके एकामागून एक लागले. शेवटचा बहात्तऱ्या उठला, थोडा डुलला आणि उभा राहिला.

हमीदाआपानं भोंगा तोंडाशी धरला. "या गावचे नारायणराव," तिनं पुकारलं, "आणि त्यांच्यासोबत कोंडाबाई आणि मंडळी. यांनी आज सात मुर्दे उठवले. बैल कोणाचा बसला असेल तर यांना विचारा."

पहिल्यांदा हसले ते नारायणरावच. त्यांचं हसू पाहून गर्दी सुटली. काठ्यांवर हनुवट्या टेकवून माणसं हसत होती. नारायणराव फळीवरून उतरले, माझ्या हातातली तलवार घेतली आणि म्हणाले, "पुन्हा पाडू द्या मला. मी पाडतो, मीच उठवतो. मग मन भरंल." त्यांनी भर उन्हात सातही पाडले, पुन्हा माणसं गोळा करून उठवले. त्यानंतर जो तो फळीवर चढायला लागला. दुपारपर्यंत आम्हाला कोणी ताडपत्री लावू दिली नाही.

ढोरांच्या डॉक्टरनं बैलाला तेल पाजलं. पोटफुगी होती. दिवस कलायच्या आत बैल उभा राहिला. नारायणराव स्वतः सांगायला आले. "उठला," ते म्हणाले, "आणि त्याला फळी लावावी लागली न्हाई."

मला मात्र रात्रीच्या खेळाची धास्ती होती. दोर लोकांनी हातात धरून पाहिले होते, राक्षसांचे कागदी कान ओढून पाहिले होते. आता कोण घाबरणार? दिवे लागणीला ताडपत्री लावली आणि रांग बघायला मी बाहेर आलो. रांग दिसेना, कारण ती तंबूला वळसा घालून मागच्या बाजूला गेली होती. जत्रेतली अर्धी माणसं सकाळी पाहिलेलं आता अंधारात बघायला आली होती. आणि पहिल्या राक्षसापाशीच जी किंकाळी आली, तशी मी आधी कधी ऐकली नव्हती. त्या टोळीत नारायणराव होते. बाहेर आल्यावर घाम पुसत त्यांनी मला विचारलं, "दिवसा दोर दिसले होते ना रे? मग आत गेल्यावर कुठं गेले?"

मी पुढच्या टोळीच्या हातात तलवारी दिल्या.

पुढं आम्ही पाताळ जिथं नेलं तिथं पहिल्या सकाळी ताडपत्री काढून सगळं दाखवायचो आणि संध्याकाळी खेळ लावायचो. जत्रेच्या गावांतून बोलावणी यायला लागली. ज्या बापानं मला वाया गेलेला म्हटलं, तो सेनगावच्या जत्रेत चारचौघांना हाताला धरून आणायचा आणि सांगायचा, "हे उठवायचं काम माझ्या पोराचं." मग माझं लग्न झालं, घर एका जागी पाहिजे झालं, कारखान्याची नोकरी चालून आली. रहीमभाईंनी काही वर्षं खेळ चालवला. त्यांच्या गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा पाताळ गुंडाळलं. एकही राक्षस मी जपून ठेवला नाही, याची हळहळ आहे. कागदाच्या वस्तूंना आपण वस्तू समजत नाही, नंतर कळतं.

पण मला सांगायची आहे ती नारायणरावांच्या गावच्या त्याच जत्रेच्या शेवटच्या दिवसाची गोष्ट. खेळ लवकर आटोपला होता, बाहेर अजून उजेड होता. हमीदाआपा म्हणाली, "तुम दोनों कभी अंदर गए क्या? खेळायला म्हणून?"

आम्ही एकमेकांकडं पाहिलं. कधीच गेलो नव्हतो. आम्ही आत राबलो होतो. खेळलो नव्हतो. तिनं आमच्या हातात तलवारी दिल्या आणि मागून ताडपत्री सोडली.

मला प्रत्येक कप्पी पाठ होती. कोणत्या वळणावर कोण उभा आहे, त्याच्या पिशवीत किती वाळू आहे, सगळं ठाऊक होतं. तरी रेड्याच्या शिंगाचा पहिला राक्षस अंधारातून पुढं आला तेव्हा मी ओरडलो, आणि ज्यांनी त्याला जन्म दिला ते रहीमभाई माझ्याहून मोठ्यानं ओरडले. मग आम्हाला हसू आवरेना. हसत, धडपडत, एकेकाला पाडत आम्ही गेलो. नरसाळ्यातून हमीदाआपा अशी कण्हत होती की जणू आज सातही जण खरेच मरत होते. बहात्तऱ्याला आम्ही दोघांनी मिळून मारला. घंटा वाजवली.

"हात धर, मिस्तरी," रहीमभाई म्हणाले.

खळ आणि बांबूनं खरखरीत झालेला तो हात मी धरला आणि आम्ही दोघांनी मिळून बाहेर पाऊल टाकलं. दोघांचं वजन कमी पडलं म्हणून भोंगा घेऊन हमीदाआपाही आमच्या शेजारी चढली. फळी खाली गेली. भोंग्यावर आमची नावं सगळ्या जत्रेला ऐकू जात होती, आणि मागं अंधारात ते सगळे पुन्हा उठत होते.